लुनाची वही

पंपावर मी कधी लिटर मागितल्याचं मला आठवत नाही. ‘दोनशेचं टाक’, फार तर ‘पाचशेचं’. पोरगा नोझल लावतो, ‘झिरो पाहा ताई’ म्हणतो, मी पाहिल्यासारखं करते आणि मग नजर रुपयांच्या आकड्यावर. लिटरचा आकडाही खाली पळत असतोच, पण तिकडे मान वळत नाही. बाबा मात्र लिटरनेच घ्यायचे. ‘एक लिटर, ऑईल टाकून.’ पंपवाला मापातून घट्ट ऑईल आधी टाकीत ओतायचा, वरून पेट्रोल, आणि बाबा लुनाचं हँडल धरून गाडी डावी-उजवीकडे हलवायचे. आई डेऱ्यात ताक घुसळते तशी. मग मी मागच्या कॅरिअरवर चढायची आणि आम्ही सक्करदऱ्याकडे निघायचो.

लुना १९८३ सालची. बाबा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून होते. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्यांची एक वही सापडली, उभी, पाठकोऱ्या कागदांची, सुतळीने शिवलेली. वर लिहिलेलं, ‘गाडी’. आत रकाने आखलेले: तारीख, लिटर, रुपये, मीटर, कारण. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की नोंद. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेब पाहते, त्यामुळे असल्या वह्यांशी माझी जुनी ओळख आहे. पण शेवटचा रकाना मी कुठल्याच हिशेबाच्या वहीत पाहिला नव्हता. ‘मेडिकल, तात्यांना डबा.’ ‘गॅसचा नंबर लावणे.’ ‘कॉटन मार्केट, मिरच्या.’ ‘शाळा, फी.’ ‘इतवारी, धान्य (परत येताना पायडल).’

त्या कंसातल्या शब्दावर मी थांबले. लुनाला पायडल असायचं. पेट्रोल संपलं की सायकल करायची आणि घर गाठायचं. बाबांच्या वहीत ‘पायडल’ हा शब्द सतरा ठिकाणी आहे. मोजले मी.

आणि नऊ वर्षांच्या त्या वहीत कारणाच्या रकान्यात एकदाच वेगळं लिहिलेलं आहे: ‘तेलंगखेडी. उगाच.’ तेलंगखेडी म्हणजे तलाव, फिरायला जायची जागा. आईला दाखवलं. ब्याऐंशी वर्षांची आहे ती, चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘लिहून ठेवलं होय त्यायनं.’ पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

१९९० च्या दिवाळीच्या सुमारास वहीत भावाखाली लाल रेघ आहे. इराकने कुवेतवर चढाई केली आणि आपल्याकडे पेट्रोलवर आखाती अधिभार बसला, ते दिवस. त्या पानानंतर नोंदी विरळ होत जातात. भाववाढीचा विषय निघाला की बाबा १९७३ ची गोष्ट सांगायचे. तेव्हाही असाच भडका उडाला होता आणि अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. बाबांना ते फार आवडलं होतं. आजीला मात्र अजिबात नाही. ‘बैलाले ढेप लागत नाही काय?’ असं तिचं म्हणणं. सरकीच्या ढेपेचा भाव तिला पेट्रोलच्या भावाहून जास्त पाठ होता.

आजीला पर्यायी इंधनाचा अनुभव आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि मोटारगाड्या लाकडी कोळशावर चालायला लागल्या. ती नवी नवरी, माहेर काटोलकडचं. बसच्या मागे उभा पिंप जोडलेला, त्यात कोळसा. निघायच्या आधी क्लीनर अर्धा तास भाता मारायचा, धूर सुटायचा, पिंपातून निघालेला वायू नळीने इंजिनात जायचा आणि मग कुठे गाडी कुरकुरत सुरू. चढ लागला की बापे माणसं उतरणार. दुसरा चढ आला की बायकाही. ‘कोळशाच्या गाडीनं माहेरी गेली की तोंड काळं करूनच जावं लागे,’ हा तिचा ठरलेला विनोद होता आणि तो सांगताना दर वेळी ती तितक्याच जोरात हसायची. कोळसा जाळून तयार होणाऱ्या त्या वायूतला जळणारा भाग म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, जीव घेणारा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी माहेर काही सुटलं नसतं.

बाबांनंतर वही बंद. माझ्या काळात भाव ठेवायची रीतच बदलून गेली. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं, २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेल, आणि १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव. रोजचा भाव म्हणजे भाजीबाजारासारखं, चढेल तसं उतरेलही, असं मला वाटलं होतं. मग आला २०२० चा एप्रिल. २० तारखेला अमेरिकेत कच्च्या तेलाचा सौदा शून्याच्या खाली गेला, उणे ३७ डॉलर! विकणाराच वरून पैसे द्यायला तयार. आम्ही घरात कोंडलेले. पंधरा दिवसांत केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवला. त्यामुळे पंपावरचा भाव वर गेला नाही हे खरं, पण खाली यायची वेळ होती ती टळली ती टळलीच. दुसऱ्या वर्षी शंभरी ओलांडली. २०२२ च्या एप्रिलमध्ये नागपुरात लिटर १२० च्या घरात होतं. मेमध्ये केंद्राने ८ रुपये उतरवले, जुलैमध्ये राज्याने ५, आणि त्यानंतर ‘रोज बदलणारा’ भाव जवळपास वीस महिने जागचा हलला नाही. निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, २ रुपयांनी उतरला. भाजीबाजार असा नसतो.

या सगळ्यात माझ्या धाकट्या भावाने डोकं लावलं आणि सीएनजीची गाडी घेतली. मुंबई-पुण्यातले त्याचे मित्र सांगत होते, अर्ध्या पैशात फिरतो. इथे एक गंमत त्याने लक्षात घेतली नव्हती. नागपूर देशाच्या मध्यावर. झिरो माईलचा दगड आमच्याकडे, चारही दिशांचे रस्ते इथून फुटतात. पण गॅसची पाइपलाइन आमच्यापर्यंत आली नव्हती. समुद्रमार्गे आलेला द्रवरूप वायू गुजरातहून टँकरने रस्त्याने इथे यायचा, मग त्याचा पुन्हा वायू करायचा, मग तो गाडीत. टँकर अर्थातच इंधन खात येणार. त्यात युक्रेनचं युद्ध पेटलं. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबईत किलोला साठ-सत्तर रुपये असलेला सीएनजी नागपुरात १२० रुपये होता आणि पेट्रोल तेव्हा एकशेदहाच्या आसपास. देशातला सगळ्यात महाग सीएनजी! पंप मोजून तीन. भाऊ रांगेत उभा असताना मला फोन करायचा, ‘ताई, हिशेब करून सांग ना, किलोत जास्त चालते ना गाडी?’ किलोत जास्त चालते, हे बरोबर. पण रांगेत गेलेला दीड तास कोणत्या रकान्यात धरायचा? वहिनीने तो थेट भावाच्या खात्यावर टाकला. शेवटी गाडी पेट्रोलवरच फिरायला लागली, आणि डिकीत सिलिंडर असल्यामुळे लग्नाला जाताना बॅगा मांडीवर. पुढे भाव उतरले, पंपही वाढले, पण त्याच्या गाडीने आमच्या घरात जे नाव कमावलं ते कमावलंच.

खरं तर नागपूरकरांना पर्यायी इंधनाचं अप्रूप राहिलेलं नाही. शहराचे खासदार रस्ते-वाहतूक मंत्री, आणि नितीन गडकरींना या विषयाचा छंद. त्यामुळे जे काही नवं निघतं त्याचा नारळ आधी इथे फुटतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इथेनॉलवरची हिरवी बस आली. आत थंडगार, मी मुद्दाम एक फेरी मारून आले होते. काही वर्षांत ती दिसेनाशी झाली. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सी आल्या, देशात पहिल्यांदा असा मोठा ताफा. पण ड्रायव्हर चार्जिंगच्या रांगेत ताटकळायला लागले आणि काहींनी गाड्या परत देऊन डिझेलची वाट धरली. २०२१ च्या जुलैत एलएनजीचा, म्हणजे द्रवरूप वायूचा, पंप. शेतकरी अन्नदाता आहेच, तो ऊर्जादाता व्हावा, हे वाक्य आम्ही भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य आम्हीच म्हणू शकतो. मी हे चेष्टेने लिहीत नाही. कुणीतरी आधी करून पाहायलाच हवं. फक्त, ज्याच्यावर करून पाहतात त्यालाही कधी विचारावं, एवढंच.

माझं स्वतःचं मन फिरलं ते भावामुळे नाही, रांगेमुळे. १ जानेवारी २०२४. अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला जबर शिक्षेची नव्या कायद्यातली तरतूद आणि त्याविरुद्ध ट्रक-टँकरवाल्यांचा संप. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर बातमी फुटली की उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही. अख्खं नागपूर पंपावर. थंडीत मी दोन तास रिंग रोडवर उभी. माझ्यापुढे एकजण पाण्याच्या वीस लिटरच्या जारसकट, मागे एक बाई कडेवर पोर घेऊन. रांगेतल्या लोकांनी नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या एकमेकांना. माझा नंबर आला तेव्हा ‘दोनशेच्या वर देणं नाही’ म्हणाले. दुसऱ्या रात्री संप मिटला. पण त्या रांगेत मी ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीत इलेक्ट्रिक लुना बाजारात आली. मी पाहायला गेले, नाव ऐकूनच. हात फिरवला. पायडल नव्हतं. ती काही घेतली नाही. आईला मागे टेकायला हवं होतं. गुढीपाडव्याला दुसरी एक विजेवरची स्कूटर घरी आली. जुनी पेट्रोलची २०१६ ची स्कूटर विकायला जीव झाला नाही, ती पोर्चमध्ये मागे सरकली.

हिशेब सांगते. पूर्ण चार्जिंगला तीन युनिटच्या आसपास. आमच्या बिलात युनिट दहा-बारा रुपयांच्या घरात पडतं. म्हणजे पस्तीस रुपयांत ऐंशी किलोमीटर. तेवढ्याच अंतराला पेट्रोलचे पावणेदोनशे-एकशेऐंशी. मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसी येऊन-जाऊन पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत जाते, चांगली जाते, पण माझ्या घरापासून स्टेशनच इतकं दूर की तिथवर जायला गाडी काढावी लागते, आणि एकदा काढली की मग कोण उतरतं.

महिन्याचे हजार-बाराशे तरी वाचायला हवे होते. तीन महिन्यांनी मीटर पाहिलं तर वाचले होते त्याहून कमी. चोरी कुठे झाली ते शोधायला बसले. वीज महाग झाली नव्हती. गाडी जास्त फिरली होती. रात्री जेवण झालं की ‘चल आई, फुटाळ्यावरून येऊ.’ संत्रा बर्फी आणायला थेट बर्डीला. बहिणीकडे महिन्यातून एकदा जायचे ती दर रविवारी, आणि बहिणीला तेही जरा जास्तच वाटायला लागलं असावं. बाबांच्या नऊ वर्षांत एक ‘उगाच’ आणि माझ्या तीन महिन्यांत रकाना पुरेना. स्वस्त इंधन पैसे वाचवत नाही, अंतर वाढवतं, हे मला चाळीस वर्षांच्या नोकरीतही उमगलं नसतं. पर्यावरणाचं म्हणाल तर मी वहीत ‘धूर’ असाही रकाना आखून पाहिला आणि सोडून दिला. कारण माझ्या गाडीला नळकांडं नाही, पण कोराडीला आहे. जगदंबेच्या दर्शनाला गेलं की देवळाइतक्याच ठळक दिसतात त्या चिमण्या. ६६० मेगावॅटचे तीन संच, पलीकडे खापरखेडा, आणि भोवतालच्या गावांत दाराच्या कडीवर राख. माझी स्कूटर तिथे धूर सोडते, एवढंच. अंगणातला कचरा शेजारच्या अंगणात लोटला की आपलं अंगण स्वच्छच दिसतं.

मागे पडलेल्या पेट्रोलच्या स्कूटरने मात्र सूड घेतला. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली आणि मग सुरूच होईना. कोपऱ्यावरचा मिस्त्री पोर्चमध्येच उकिडवा बसला, नळी सोडवली आणि टाकीतलं थोडं पेट्रोल बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत काढलं. ती बाटली त्याने कठड्यावर ठेवली, बिडी काढली, पुन्हा खिशात घातली आणि म्हणाला, ‘थांबा ताई, दहा मिनिटं. ते आपोआपच सांगते.’

दहा मिनिटांनी बाटलीत दोन थर. वर केशरी, खाली बोटभर, पाण्यासारखं पण जरा धुरकट.

‘हे पाहा. तुमच्या गाडीत दोन गाड्या होऊन राहिल्या.’

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. २००३ च्या सुमारास ५ टक्क्यांनी सुरुवात झाली होती. २० चं उद्दिष्ट २०३० चं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी, हवा दमट, झाकणातून झिरपलेले चार थेंब, आणि गाडी जागची हललेली नाही. पाणी बेताबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी बसतं. इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ताकद, म्हणून अॅव्हरेज थोडं घसरणार, हे सरकारनेही नाकारलेलं नाही. किती, यावरच भांडण. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर-पाइप त्या हिशेबाने केलेले. माझी २०१६ ची. मिस्त्रीने जुनी नळी बोटांत पिळून दाखवली, चिकट, भिजलेल्या शेवईसारखी. ‘मंग इथेनॉल वाईट म्हणता काय?’ मी विचारलं. ‘वाईट काहून म्हणीन? माझं घर चालून राहिलं ना जी,’ तो म्हणाला.

वाईट मलाही म्हणवत नाही. माझ्या मामेभावाचं मौद्याकडे धान आहे. तणस जाळण्यापेक्षा कुणी विकत नेऊन त्याचं इंधन केलं तर त्याला दोन पैसे हवेच आहेत, आणि यवतमाळकडच्या कापसाच्या पऱ्हाट्यांचंही तेच. पण आज टाकीत येणारं इथेनॉल मुख्यतः ऊस, मका आणि तांदळाचं. नीती आयोगाच्याच अहवालात आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल करायचं तर सुमारे २,८६० लिटर पाणी. विदर्भात, जिथे कापसाला पाणी मिळालं नाही म्हणून माणसं गेली, तिथे हा आकडा वाचून मी अहवाल मिटला. आजीची ढेप आठवली.

राहिली ती २०२४ च्या मेची गोष्ट. नवी गाडी येऊन दोन महिनेही झाले नव्हते. ३० तारखेला नागपुरात तापमान ५६ अंश गेल्याची बातमी देशभर झाली. हवामान खात्याने नंतर सांगितलं की स्वयंचलित यंत्राचा सेन्सर चुकला होता, एवढं नव्हतं. नसेल. पण पंचेचाळीस म्हणजे काही शिमला नव्हे. आमच्या पोर्चमध्ये जाड पिनेचा एकच पॉईंट, आणि खिडकीला लावलेला मोठा कूलर त्याच्यावर. रोजचा करार असा की रात्री अकरापर्यंत कूलर, मग मी वायर बदलून गाडी लावायची, आणि आई आतल्या छोट्या कूलरपाशी सरकणार. त्या रात्री मी उठले, वायर हातात घेतली, आणि आतून आवाज आला.

‘आज राहू दे. तुझी गाडी काही घामेजत नाही.’

सकाळी ४१ टक्के होतं. जाऊन-येऊन होतं, असा माझा हिशेब. कंपनीत लावीन म्हटलं तर तिथल्या एकुलत्या बोर्डावर दोघांच्या गाड्या आधीच चिकटलेल्या. परतीला, उन्हाने की वाऱ्याने कोण जाणे, आकडा भराभर उतरत गेला आणि त्रिमूर्तीनगर ओलांडून थोडं पुढे आल्यावर गाडी आधी गोगलगाय झाली, मग थांबली. संध्याकाळचे साडेसहा, रस्ता अजून भाजत होता. चेहऱ्याला दुपट्टा बांधलेला, फक्त डोळे उघडे, आणि मी रिंग रोडवर शंभर किलोचं धूड ढकलतेय. पाय आपोआप पायडल शोधत होते.

मागून एक मोटरसायकल हळू झाली. वीस-बावीसचा पोरगा, पाठीवर डबे पोचवणाऱ्यांची चौकोनी पिशवी.

‘पेट्रोल संपलं काय काकू?’

‘चार्जिंग.’

‘मंग एकच झालं ना जी,’ तो हसला. ‘बसा. हँडल सरळ ठेवा, ब्रेकले हात नका लावू.’

त्याने उजवा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टवर टेकवला आणि अॅक्सिलरेटर पिळला. टोचन. शाळेत असताना बाबांच्या लुनाला असं एकदा मिळालं होतं, त्यानंतर आज. त्याची गाडी आवाज करत होती, माझी गुपचूप, आणि आम्ही दोघं एकमेकांना चिकटून प्रतापनगर, मग छत्रपती चौक. चौकाच्या पुढे त्याने पाय काढला. मी पर्समधून पन्नासची नोट काढली. तो नको म्हणाला, मी हट्टाने खिशात कोंबली, ‘तुझं पेट्रोल जळलं’ म्हणून. त्याने काटा पाहिला, मान हलवली, आणि समोरच्याच पंपात गाडी वळवली.

‘पन्नासचं टाक बे,’ एवढं मला ऐकू आलं.